मैदानावरचा दम आणि घरातले ताट

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा असला, तरी तो बहुधा अखेरच्या पाच-सात मिनिटांत ठरतो, हे मैदानावर वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पूर्वार्धात ज्याची चढाई रोखणे कोणालाही जमत नव्हते, तोच गडी उत्तरार्धात मध्यरेषेकडे परतताना अर्धे पाऊल मागे पडतो आणि पकडला जातो. कोपऱ्यातल्या बचावपटूची झडप क्षणभर उशिरा पडते. साखळीतला एक हात सुटतो. प्रेक्षक म्हणतात, ‘दम संपला.’ प्रशिक्षक म्हणतात, ‘मन लावून खेळला नाही.’ घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘सराव कमी पडला.’ या तिन्ही निदानांत तथ्य असू शकेल. परंतु त्या खेळाडूने सकाळपासून काय खाल्ले आणि किती पाणी प्यायले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तो तसा नाही. संघस्थानावरील सायंकाळच्या तासापासून गिरणगावातील व्यायाम मंडळांपर्यंत कबड्डी आणि खो-खो या खेळांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना शरीर, शिस्त आणि सांघिक वृत्ती दिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा पदकासाठी समावेश झाला आणि तेथून सलग सात स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडेच राहिले. २०१८ साली जकार्तात मात्र इराणने आपल्या पुरुषांना उपान्त्य फेरीत आणि महिलांना अंतिम सामन्यात पराभूत केले. २०२३ साली हांगझोउ येथे दोन्ही सुवर्णपदके परत आली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला आणि त्या संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, हे दोघेही महाराष्ट्राचे होते.

अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे. तरीही जकार्ताचा धडा विसरून चालणार नाही. खेळ आपल्या मातीतला आहे एवढ्याने विजय आपला ठरत नाही. जो मोजून-मापून तयारी करतो, त्याच्याकडे विजय झुकतो. आहाराच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. थकवा लांबविण्यासाठी लागणारी जवळजवळ सर्व सामग्री मराठी स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. उणीव आहे ती मापाची, वेळेची आणि खेळाडूच्या ताटाची जबाबदारी उचलणाऱ्या समाजाची.

थकवा येतो कोठून?

धान्य, कंद, फळे, गूळ यांतील कर्बोदकांपासून शरीर ‘ग्लायकोजेन’ नावाचे इंधन तयार करते आणि ते स्नायूंमध्ये व यकृतात साठवून ठेवते. चढाईतील झेप, पकडीतील रेटा, खो-खोतील अचानक दिशाबदल, अशा स्फोटक हालचाली याच साठ्यावर चालतात. सांघिक खेळात खेळाडू एका वेगाने धावत नाही. तो थांबतो, झेपावतो, परततो आणि पुन्हा झेपावतो. प्रत्येक झेपेला हा साठा थोडा थोडा खर्ची पडतो. तो संपत आला, की इच्छा असूनही पाय उचलत नाहीत. दम म्हणून ज्याला आपण म्हणतो, त्याचा मोठा भाग हा असा स्नायूंच्या कोठारातील शिलकीचा हिशेब असतो.

हे अनुमान नव्हे. १९६७ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासून दाखवून दिले, की हा साठा आधीच्या काही दिवसांतील आहारावर अवलंबून असतो आणि माणूस किती वेळ श्रम करू शकतो हे त्या साठ्यावर ठरते. त्याच परंपरेतील बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ साली फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा साठा सामन्यापूर्वीच रोडावलेला होता, ते इतरांपेक्षा कमी अंतर धावले आणि त्यांनी तुडवलेल्या अंतरापैकी जवळजवळ निम्मे अंतर तर ते नुसते चालले. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००६ साली सामना संपताच फुटबॉलपटूंचे स्नायू तपासले, तेव्हा सुमारे निम्मे स्नायुतंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले आढळले.

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा आणि कबड्डीचा चाळीस मिनिटांचा, मग तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. एका सामन्यापुरते ते म्हणणे मान्य करता येईल. परंतु महाराष्ट्रातील स्थानिक स्पर्धांत एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन सामने खेळावे लागतात, आणि स्पर्धा तीन-चार दिवस चालते. पहिल्या सामन्यात रिकामे झालेले कोठार दुसऱ्या सामन्यापूर्वी भरले गेले नाही, तर उपान्त्य फेरीत उतरणारा संघ हा नावापुरताच तो संघ उरतो. पूर्ण रिता झालेला साठा नीट भरून येण्यास चांगला आहार घेऊनही सुमारे एक दिवस लागतो.

मोजणारे पुढे गेले

१९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात तेथील धाटणीचा फुटबॉल खेळणारे तरुण उन्हाच्या सरावात गळून पडत. डॉ. रॉबर्ट केड या मूत्रपिंडतज्ज्ञाने त्यांच्या घामाचा आणि रक्ताचा अभ्यास केला आणि पाणी, मीठ व साखर यांचे मिश्रण करून दिले. ते पिववेना, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यात लिंबाचा रस घालण्याचे सुचवले. पुढे हेच पेय ‘गेटोरेड’ या नावाने बाटलीबंद होऊन जगभर विकले गेले. मराठी घरात हे ऐकून हसू येईल, कारण पाणी, मीठ, साखर आणि लिंबू यांना आपण लिंबूसरबत म्हणतो, आणि दारी उन्हातून आलेल्या पाहुण्याला ते देण्याची रीत आपल्या आजीच्याही आजीला माहीत होती.

पण हसून झाल्यावर विचारही केला पाहिजे. सरबत आपल्याकडे होते. किती पाण्यात किती मीठ आणि किती साखर, ते कोणी, केव्हा आणि किती प्यावे, हे मोजून मैदानावर नेण्याचे काम दुसऱ्यांनी केले. ‘हे तर सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणून समाधान मानण्याची सवय येथे महागात पडते.

मोजण्याची क्षमता आपल्यात नाही असे मात्र नाही. १९७१ साली पाकिस्तानी सैन्याच्या अत्याचारांमुळे पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, आणि सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मोजून केलेले मिश्रण पाण्यातून पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आतड्यातून मीठ शोषले जाण्यास साखरेची सोबत लागते, हे त्यामागील शास्त्र. रुग्णाला वाचवणारे आणि खेळाडूला उभे ठेवणारे तत्त्व एकच आहे. फरक आहे तो प्रमाणाचा. खेळाडूला साखर थोडी अधिक आणि मीठ थोडे कमी लागते.

पाण्याविषयीची जुनी समजूत

‘व्यायाम चालू असताना पाणी पिऊ नये’ असे जुन्या व्यायामशाळांतून शिकवले जाई, आणि काही ठिकाणी आजही शिकवले जाते. वस्तादांविषयीचा आदर ठेवूनही हे सांगितले पाहिजे, की ही शिकवण आता सोडून द्यायला हवी. एका वेळी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन लगेच धावले तर त्रास होतो, हा अनुभव खरा आहे. पण त्यावरचा उपाय घोटाघोटाने पिणे हा होय, तहानलेले राहणे हा नव्हे. घामावाटे शरीराचे वजन दोन टक्क्यांहून अधिक घटले, की श्रमाची क्षमता आणि मनाची एकाग्रता उतरू लागते. साठ किलोच्या खेळाडूच्या बाबतीत हे प्रमाण अवघे सव्वा किलो भरते. एप्रिल-मेच्या उन्हातील शिबिरात किंवा कोकणच्या दमट हवेत तेवढा घाम सहज निघून जातो.

यासाठी उपकरण लागते ते एक साधा वजनकाटा. सरावापूर्वी आणि सरावानंतर वजन करावे. जितके वजन घटले असेल, त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढील काही तासांत थोडा थोडा घ्यावा. वजन वाढलेच असेल, तर पाणी गरजेपेक्षा अधिक झाले असे समजावे; नुसते पाणी अतोनात पिणे हेही धोक्याचे असते, कारण त्याने रक्तातील मीठ विरळ होते. तासाभराहून अधिक चालणाऱ्या सरावासाठी अथवा लागोपाठच्या सामन्यांसाठी एक लीटर पाण्यात पन्नास ते साठ ग्रॅम साखर किंवा गूळ, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस हे प्रमाण योग्य ठरते. लिंबाऐवजी कोकमाचा अर्क किंवा कैरीचे पन्हे चालेल. फक्त एकूण साखर या मापात राहावी. बाजारातील शीतपेयांत साखर याच्या जवळजवळ दुप्पट असते, त्यामुळे ती पोटात रेंगाळतात आणि धावताना जड पडतात. सरावानंतर मीठ घातलेले ताक हे तर उत्तम पेय.

सामन्याच्या दिवसाचे घड्याळ

काय खावे याइतकेच केव्हा खावे यालाही महत्त्व आहे. सामना सायंकाळी पाचला असेल, तर मुख्य जेवण दुपारी एक-दीडपर्यंत आटोपावे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते तीन ग्रॅम कर्बोदके या जेवणातून मिळावीत, असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. साठ किलोच्या खेळाडूला शंभर ग्रॅम तांदळाचा भात, वरण, दोन-तीन पोळ्या आणि सौम्य भाजी एवढ्यात हे प्रमाण साधते. तेल, तिखट आणि चोथा या जेवणात बेताचा असावा, म्हणजे पोट वेळेत हलके होते. सामन्याच्या तासभर आधी एखादे केळे अथवा राजगिऱ्याचा लाडू घ्यावा. मध्यंतरात सरबताचे चार घोट पुरेत.

सामना संपल्यावरच्या पहिल्या तासाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. वास्तविक याच वेळी स्नायू साठा भरून घेण्यास उत्सुक असतात. एक मोठा पेला दूध, दोन केळी आणि दोन मुठी चणे-शेंगदाणे-गूळ एवढी सामग्री साठ किलोच्या गड्याला या वेळी पुरेशी कर्बोदके आणि वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने देऊन जाते. त्यानंतर दोन-अडीच तासांत खिचडी-दही, पिठले-भाकरी किंवा वरण-भात असे पूर्ण जेवण व्हावे.

प्रत्यक्षात काय घडते? सकाळी चहा-बिस्किटे; दुपारी प्रवासात वडापाव किंवा तर्रीदार मिसळ; सामन्यांचे वेळापत्रक दोन तास पुढे ढकलले गेल्याने मध्ये आणखी दोन चहा; सामन्यानंतर पाहुण्यांची भाषणे; आणि रात्री अकराला थंड झालेले बटाटेवडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सामना! अशा स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांच्या जिद्दीला दाद द्यावी तेवढी थोडीच. परंतु जिद्दीवर किती काळ इंधनाची भूक भागवायची, याचाही विचार व्हायला हवा.

येथे उपवासाचाही विचार केला पाहिजे, कारण अनेक खेळाडू श्रद्धेने शनिवार, एकादशी किंवा नवरात्र पाळतात. श्रद्धा आणि खेळ यांत विरोध मानण्याचे कारण नाही. साबुदाणा, रताळी, राजगिरा, केळी, खजूर, शेंगदाणे आणि दूध हे उपवासाचे पदार्थ नीट योजले, तर सामन्यासाठी लागणारी कर्बोदके त्यांतून पुरेशी मिळू शकतात. निर्जळी उपवास करून मैदानात उतरणे मात्र टाळावे. आपल्या परंपरेने बालक, रुग्ण आणि श्रमिक यांना व्रताच्या नियमांत नेहमीच सवलत दिली आहे. गीतेने ज्या युक्त आहार-विहाराचा पुरस्कार केला, त्यात अतिभोजन जसे बसत नाही, तसे अतिउपोषणही बसत नाही.

वजनाच्या काट्याची धास्ती

कबड्डीच्या निरनिराळ्या गटांना वजनाची मर्यादा असते. तिचा हेतू स्तुत्य आहे; कोवळ्या मुलांसमोर धिप्पाड गडी उभा राहू नये. परंतु या मर्यादेपायी जे प्रकार चालतात, ते चिंता करावी असे आहेत. वजनाच्या आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद, अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून उन्हात धावणे, अशा उपायांनी एक-दोन किलो उतरवले जातात. असा मुलगा काट्यावर उत्तीर्ण होतो आणि मैदानावर अनुत्तीर्ण होतो. त्याच्या शरीरातून गेलेला ऐवज चरबीचा नसतो. ते असते पाणी आणि स्नायूंतील इंधन, म्हणजे नेमकी तीच दोन द्रव्ये, जी सामन्यात हवी असतात. उष्माघात आणि मूत्रपिंडावरील ताण यांचा धोका निराळाच.

प्रौढ खेळाडूने वजन उतरवायचेच असेल, तर ते स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधीपासून, आठवड्याला अर्ध्या किलोच्या बेताने उतरवावे. वाढीच्या वयातील मुलाला तर वजन उतरवण्यास सांगूच नये. त्याला वरच्या गटात खेळवावे. एका चषकासाठी पंधरा वर्षांच्या मुलाची वाढ पणाला लावणे हे कोणत्याही व्यायामशाळेच्या आदर्शात बसणारे नाही.

डबे आणि ताट

शहरांतील आणि आता तालुक्याच्या गावांतीलही व्यायामशाळांबाहेर प्रथिनांच्या चुकटीचे मोठाले डबे विक्रीस असतात. महिन्याला काही हजार रुपये त्यांवर खर्च करणारे आणि घरी दोन वेळचे जेवण टाळणारे तरुण पाहावयास मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा पूरक चुकटी टाळण्याचा सल्ला दिला आहे. एका मापातून मिळणारी पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने ही अर्धा लीटर दूध आणि मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे यांतूनही मिळतात, हे घरातील मोठ्यांनी मुलांना आकडे मांडून पटवून द्यावे.

यात आणखी एक गंभीर धोका आहे. काही डब्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली बंदी असलेली द्रव्ये मिसळलेली असतात. उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्यास ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या आकडेवारीत, मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांच्या प्रमाणात भारत अग्रस्थानी होता. राष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्यांच्या बाबतीत ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तिच्यामागे जाणूनबुजून केलेली फसवणूक जशी आहे, तसे अज्ञानही आहे, आणि अज्ञान दूर करणे तरी समाजाच्या हाती आहे.

मग रोजचे ताट कसे असावे? साठ किलो वजनाच्या, नियमित सराव करणाऱ्या खेळाडूसाठी तीनशे ग्रॅम ज्वारी-गव्हाचे पीठ, शंभर ग्रॅम तांदूळ, शंभर ग्रॅम डाळ-कडधान्य, अर्धा लीटर दूध, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, दोन केळी आणि त्याच्या जोडीला भाज्या, फळे, थोडे तेल-तूप व गूळ असा दिवसाचा हिशेब मांडला, तर सुमारे चारशे ग्रॅम कर्बोदके आणि पंच्याऐंशी-नव्वद ग्रॅम प्रथिने मिळतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाच ते सात ग्रॅम कर्बोदके आणि दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने, हा जगभर मानला जाणारा निकष त्यात पूर्ण होतो. या यादीत परदेशातून आणावी लागेल अशी एकही वस्तू नाही. डाळ आणि भाकरी एकत्र आली म्हणजे एकीच्या प्रथिनातील उणीव दुसरी भरून काढते, हे शास्त्रही आपल्या पिठले-भाकरीत न सांगता सामावलेले आहे.

ज्यांच्या घरी अंडी आणि मासे चालतात, त्यांना हे गणित आणखी सोपे जाते. जे शाकाहारी आहेत, त्यांनी दूध, दही, कडधान्ये आणि सोयाबीन यांचे प्रमाण काटेकोरपणे राखावे. आहाराची निवड ही कुटुंबाच्या परंपरेची आणि विवेकाची बाब आहे. सात्त्विक कोणते आणि राजस कोणते, या वादात खेळाडूचे ताट अर्धे रिकामे राहू नये, एवढी काळजी दोन्ही बाजूंनी घेतली तरी पुष्कळ झाले.

मुलींचे ताट

थकव्याचा विचार मुलींच्या ताटाशी येऊन पोहोचल्यावाचून पूर्ण होत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा ते एकोणीस वयोगटातील ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच उणे असेल, तर खो-खोतील पाठलाग करणारी मुलगी तिसऱ्या वळणावर धापा टाकू लागणारच. तिला आळशी म्हणणे हा अन्याय होय.

मुलगा खेळून आला की त्याच्या वाटीत तूप पडते आणि मुलगी खेळून आली की तिच्या हाती झाडू येतो, हे चित्र सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतूनही अद्याप पुरते पुसले गेलेले नाही. जिजाऊंचे नाव घेणाऱ्या समाजाने याचा विचार केला पाहिजे. उपाय अवघड नाहीत. हिरव्या पालेभाज्या, अळीव, तीळ, मोड आलेली कडधान्ये, खजूर यांचा समावेश करावा. त्यावर लिंबू पिळावे, कारण त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेणे टाळावे, कारण तो लोहाला अडवतो. नाचणीच्या शंभर ग्रॅममधून सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. हाडांसाठी ती आंबील किंवा भाकरीच्या रूपाने आठवड्यातून काही वेळा ताटात यावी. कमतरता तीव्र असेल, तर मात्र आहारावर न थांबता वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. आणखी एक गोष्ट संकोच न बाळगता बोलली जावी. भरपूर सराव आणि अपुरा आहार यांमुळे मासिक पाळी अनियमित झाली अथवा थांबली, तर ती ‘खेळामुळे असे होतेच’ म्हणून सोडून देण्याची बाब नाही. शरीराला इंधन अपुरे पडत असल्याची ती सूचना असते, आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यातून संभवतो.

खुराकाची जबाबदारी कोणाची?

कुस्तीला खुराक लागतो, हे मराठी समाजाला पटवून द्यावे लागले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि त्यातून एक परंपरा उभी राहिली. आजही गावचा पैलवान म्हटला की त्याच्या दुधाची काळजी गाव वाहते. कबड्डी आणि खो-खोच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. हे खेळ बिनखर्चाचे, म्हणून ते गरिबांचे. आणि गरिबांचे, म्हणून त्यांना खुराक नको, असा विचित्र तर्क नकळत रूढ झाला. दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबून सायंकाळी मैदानावर येणाऱ्या तरुणाचा तर यात दुहेरी तोटा होतो. तो थकूनच सरावाला येतो आणि सरावानंतर त्याला उशिराच अन्न मिळते.

पैलवानाचा बदाम-तुपाचा खुराक जसाच्या तसा उचलावा, असे येथे सुचवायचे नाही. सांघिक खेळाचे मुख्य इंधन कर्बोदके आहे, आणि ते तुलनेने स्वस्त आहे. म्हणूनच येथे मंडळांना, शाखांना आणि शाळांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. सरावाच्या जागी एक वजनकाटा आणि मापाने मिसळलेल्या सरबताचे एक पिंप ठेवणे. सराव संपताच प्रत्येकाच्या हातावर दोन मुठी चणे-शेंगदाणे-गूळ आणि एक केळे देणे. हंगामाच्या आरंभी मुला-मुलींची रक्ततपासणी करून घेणे, ज्यासाठी समाजात डॉक्टर स्वयंसेवकांची कमतरता नाही. स्पर्धेचे वेळापत्रक आखताना जेवणाची वेळ आधी निश्चित करणे आणि भाषणे नंतर ठेवणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. चषकांच्या उंचीवर आणि मंडपाच्या रोषणाईवर होणाऱ्या खर्चाचा एक छोटा हिस्सा खुराक निधी म्हणून बाजूला काढला, तरी वर्षभर ही व्यवस्था चालू शकेल.

शरीर दुबळे ठेवून धर्मचिंतन साधत नाही, म्हणूनच स्वामी विवेकानंदांनी १८९७ साली मद्रासच्या तरुणांना आधी फुटबॉलच्या मैदानाची वाट दाखवली होती. बलोपासनेचा तो संदेश आपण व्याख्यानांतून पुष्कळ सांगितला. बळ अन्नातून येते, आणि ते अन्न वेळेवर व पुरेसे मिळणे ही त्या उपासनेतील पहिली पायरी आहे. पुढच्या हंगामात सामन्याच्या अखेरच्या पाच मिनिटांत एखादा गडी अडखळला, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या मंडळाने, त्याच्या प्रशिक्षकाने आणि त्याच्या घराने त्या दिवशीचा त्याच्या ताटाचा हिशेब एकदा तपासून पाहावा.